एकच मिनिट, बाई

पहिलीच्या वर्गाच्या दारात सकाळी उभं राहायला लागून मला १९ वर्षं झाली. एवढ्या वर्षांत त्या दारात सगळ्यात जास्त वेळा काय ऐकलं असेल तर ते हे: ‘बाई, एकच मिनिट हं.’

म्हणणारं माणूस रोज वेगळं असतं. रात्रभर खोकत होता, अधूनमधून पाणी प्यायची आठवण करा. चष्मा नवीन आहे, काढून कुठेही ठेवतो. आज मामा न्यायला येणार आहे, त्याच्याबरोबर पाठवा. काल शेजारच्या मुलाने हिची वही फाडली, जागा बदलता येईल का? फॉर्म घरीच राहिला, उद्या चालेल ना? यातलं एकही बोलणं मला कधी फालतू वाटलेलं नाही. आपलं लेकरू दिवसभरासाठी दुसऱ्याच्या हाती सोपवताना जे मनात येतं तेच ओठांवर येतं. आणि कुणी एक मिनिट म्हणाला तर तो खरंच मिनिटभरच थांबतो. पण ती सगळी मिनिटं एकाच वेळी दारात येऊन उभी राहतात.

एकदा हजेरीपटाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर मी हिशेब मांडला होता. दार उघडल्यापासून वर्ग भरल्याची घंटा होईपर्यंत २० मिनिटं. मुलं २८. म्हणजे एकेका मुलाच्या वाट्याला जेमतेम ४३ सेकंद, तेही कुणा मोठ्या माणसाने मधला एक सेकंदही घेतला नाही तर. सात पालक एकेक मिनिट बोलले की त्या ४३ सेकंदांचे २८ होतात. २८ सेकंदांत दप्तर अडकवायचं, डबा जागेवर ठेवायचा, पाण्याची बाटली कुठे गळतेय ते बघायचं आणि त्या मुलाच्या चेहऱ्याकडे नीट पाहायचं. यातलं शेवटचं काम राहून जातं. ते राहिलं तरी लगेच काही बिघडलेलं दिसत नाही, म्हणून तेच राहतं.

दार उघडायच्या आधीचा पाऊण तास तर बाहेरच्या कुणाला दिसतच नाही. झेरॉक्स मशीनपुढे रांग असते आणि तुमचा नंबर आला की नेमका कागद अडकतो. फळ्यावर तारीख लिहायची, दिवसाचं वेळापत्रक चित्रांनी लावायचं, कारण अर्ध्या मुलांना अजून सलग वाचता येत नाही. पेन्सिलींना टोकं करायची. काल दोरीवर लावलेली चित्रं वाळली का ते बोटाने चाचपायचं. एवढ्यात निरोप येतो की शेजारच्या वर्गाच्या बाई आजारी आहेत, बदली शिक्षक मिळालेले नाहीत, तुमच्याकडे नऊ मुलं येतील. मग नऊ खुर्च्या शोधायच्या, नऊ प्रती पुन्हा काढायच्या, त्यांच्यापैकी कुणाला कशाची अ‍ॅलर्जी आहे का ते विचारून घ्यायचं. यात तक्रार करण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही, हे काम आहे आणि ते मी आवडीने निवडलेलं आहे. पण घंटा होते तेव्हा बाई कोऱ्या पाटीने उभ्या नसतात, एक अख्खी सकाळ अंगावर घेऊन दारात आलेल्या असतात, एवढं ठाऊक असावं.

अशाच एका सकाळी माझ्या हातून जे घडलं, त्यासाठी खरं तर हे लिहायला बसले.

वर्गातली एक मुलगी, चणीने लहान, बोलायला हळू. ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. उजवी मूठ घट्ट मिटलेली. मी दोन पालकांशी बोलत होते, तिसरे मागे थांबले होते, एक मुलगा दारात आईला चिकटून रडत होता. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, ‘एक मिनिट हं, बाळा.’ ती थांबली. किती वेळ थांबली ते मला माहीत नाही. घंटा झाली तेव्हा ती जागेवर जाऊन बसलेली होती.

पहिल्या तासाला अक्षरं गिरवायची होती. रांगांमधून फिरताना पाहिलं तर ही डाव्या हाताने लिहीत होती. वाकडीतिकडी, रेघेच्या बाहेर जाणारी अक्षरं. मला ठाऊक होतं की ती उजव्या हाताने लिहिते. मी म्हटलं, ‘अगं, नेहमीच्या हाताने लिही की.’ तिने मान खाली घातली आणि डाव्या हातानेच लिहीत राहिली. मी जरा आवाज चढवून पुन्हा म्हटलं. तरी नाही. मला तो हट्ट वाटला. पुढच्या बाकावर कुणीतरी पाणी सांडलं म्हणून मी तिकडे गेले, आणि ते तिथेच राहिलं.

मधल्या सुट्टीत ती हात धुवायला जाईना. तेव्हा मी तिच्यापुढे खाली बसले आणि म्हटलं, ‘मूठ उघड बघू.’ आत दात होता. तिचा पहिला पडलेला दात, तांदळाच्या दाण्याएवढा. तळवा घामाने पांढराफटक पडून सुरकुतला होता, आणि दाताचं टोक जिथे रुतलं होतं तिथे लाल ठिपका. शाळेत येताना वाटेतच पडला होता. मला दाखवायला तिने तो जपून आणला होता. मी ‘एक मिनिट’ म्हटलं होतं, आणि ते मिनिट संपायची वाट ती पाहत होती.

वयाच्या सहाव्या वर्षाच्या आसपास मुलांचे दुधाचे दात पडायला लागतात, त्यामुळे पहिलीच्या वर्गात वर्षभर दात पडतच असतात. माझ्यासाठी तो कितवा दात होता कुणास ठाऊक. तिच्यासाठी पहिला होता. त्या दिवशी घरी गेल्यावर मला जेवण गेलं नाही. ती दोन तास एका हाताने जगली होती आणि वर मी तिला बोलले होते.

फिलिप जॅक्सन नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने प्राथमिक वर्गांमध्ये बसून तिथे नक्की काय चालतं ते बारकाईने पाहिलं होतं. १९६८ साली त्याने लिहिलं की प्राथमिक शिक्षकाच्या एका दिवसात मुलांशी होणारी देवाणघेवाण हजारापर्यंत जाऊ शकते. हजार वेळा कुणीतरी काहीतरी विचारतं, मागतं, दाखवतं, सांगतं, आणि हजार वेळा तुम्ही काहीतरी ठरवता. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आकडा मोठा वाटला नव्हता, रोजचाच वाटला होता. पण ते हजार प्रसंग दिवसभर सारखे पसरलेले नसतात. सकाळच्या पहिल्या वीस मिनिटांत ते गर्दी करतात. त्या गर्दीत दोन अनुभवी डोळ्यांनाही मिटलेली मूठ दिसत नाही, कारण मिटलेली मूठ आवाज करत नाही.

जेकब कूनिन या मानसशास्त्रज्ञाचं काम मला त्यानंतर फार उपयोगी पडलं. त्याची सुरुवात मोठी गमतीची आहे. महाविद्यालयात शिकवत असताना त्याने वर्तमानपत्र वाचणाऱ्या एका विद्यार्थ्याला टोकलं, आणि त्याच्या लक्षात आलं की ज्यांना काहीच बोललेलं नाही ते बाकीचे विद्यार्थीही एकदम सावरून बसले. एकाला बोललं की त्याचे तरंग सगळ्या वर्गात पसरतात. ते कसे, हे शोधायला त्याने शाळेतले वर्ग चित्रित करून तपासले. १९७० साली त्याने जे मांडलं ते निराळंच होतं. मूल चुकल्यावर बाई कशा रागावतात यावर वर्गाची घडी फारशी अवलंबून नसते. बाईंना सगळ्या वर्गाचं भान आहे आणि ते भान आहे हे मुलांना कळतंय, यावर ती अवलंबून असते. दुसरी गोष्ट म्हणजे दोन कामं एकदम अंगावर आली तर एकातच बुडून न जाता दोन्हीकडे लक्ष ठेवता येणं. आपल्याकडे म्हणतात ना, बाईंना पाठीलाही डोळे असतात, तेच हे.

पण पाठीला डोळे असायला आधी मन वर्गाकडे हवं. मी रोज सकाळी दाराकडे तोंड करून मोठ्यांशी बोलत होते. बोलताना मनही मोठ्यांकडेच गेलेलं असायचं. हे माझ्या ध्यानात यायला एक दात पडावा लागला.

त्या वर्षी दर मंगळवारी एक पालक मदतीला येत असत. वर्गातल्याच एका मुलीचे बाबा. रात्रपाळी करून ते थेट शाळेत यायचे, डोळे तांबारलेले असायचे, पण मंगळवार चुकवायचे नाहीत. सुरुवातीला मी त्यांना मागच्या टेबलावर कात्री आणि रंगीत कागद देऊन बसवत असे. २८ गोल कापा, २८ पाकिटं करा. ते मन लावून करायचे आणि दर पाच मिनिटांनी येऊन विचारायचे, ‘बाई, आता काय करू?’ त्यांचा प्रश्न रास्तच होता. दुसऱ्याच्या घरात गेल्यावर आपणही असंच विचारतो. पण मदत करणाऱ्याला काम सांगणं हेही एक काम असतं, आणि सकाळी ते माझ्या अंगावरच यायचं. माझी चूक अशी की जिथे हात हवा होता तिथे मी त्यांना ठेवलंच नव्हतं. गोल दुपारीही कापता येतात. ओघ होता तो दारात.

दाताच्या प्रकारानंतरच्या मंगळवारी मी दोन गोष्टी केल्या. दाराबाहेर एका उंच स्टुलावर वही ठेवली, दोरीने पेन बांधून. ‘निरोपाची वही’. आज न्यायला कोण येणार, काय विसरलं, रात्री काय झालं, हे पालकांनी त्यात लिहायचं आणि घंटा झाल्यावर मुलं चित्र रंगवत असताना मी ती वाचणार. औषधाबद्दलचं मात्र ऑफिसात लेखीच द्यायचं, ते आमच्याकडे आधीपासून होतंच. दुसरी गोष्ट म्हणजे त्या बाबांना मी मुलांची बुटकी खुर्ची दिली आणि दाराच्या आतल्या बाजूला बसवलं. म्हटलं, ‘मला काही विचारू नका. नुसतं बघा, आणि जे दिसेल ते करा.’

पहिले दोन मंगळवार ते अवघडले. तिसऱ्या मंगळवारी त्यांचा हात बसला. ओल्या नाडीची गाठ नखाने ओढली तर आणखी आवळते. ती आधी दोन्ही बाजूंनी आत ढकलून सैल करायची आणि मग सोडायची, हे त्यांना माझ्याआधी कळलं. दप्तराची चेन अडकली तर पेन्सिलीचं टोक तिच्या दातांवर वरखाली घासायचं, शिसं लागलं की चेन सरकते, हे मी त्यांना दाखवलं. मग ती युक्ती त्यांनी इतक्या मुलांना शिकवली की मुलं एकमेकांच्या चेन घासून द्यायला लागली आणि पेन्सिली लवकर संपायला लागल्या. एक मुलगा रोज जॅकेटच्या बाहीत हात अडकवून बसायचा. बाबांनी ती बाही कधी ओढून काढली नाही. बाहीचं टोक धरून ठेवायचे आणि म्हणायचे, ‘आता तू मागे ओढ.’ तो हात मागे ओढायचा, हात सुटायचा. वर्ष संपेपर्यंत त्याला टोक धरायलाही कुणी लागेना.

एकदा ते मला म्हणाले, ‘बाई, खाली बसलं की कळतं, या पोरांना आपले नुसते गुडघेच दिसतात.’ तेव्हापासून मीही सकाळी उभी राहत नाही.

आणि मग आवाज. वर्गात गलका वाढला की माणूस आपोआप मोठ्याने बोलायला लागतो. एत्येन लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १९११ साली हे दाखवून दिलं, आणि त्याच्याच नावाने ते ओळखलं जातं. मुलं मोठ्याने बोलतात म्हणून बाई मोठ्याने बोलतात, बाई मोठ्याने बोलतात म्हणून मुलं आणखी मोठ्याने. आठ वाजायच्या आत घसा निम्मा गेलेला. अमेरिकेत आयोवा आणि युटा या राज्यांत १२०० हून जास्त शिक्षकांची पाहणी झाली होती, २००४ साली तिचे निष्कर्ष आले. आयुष्यात कधी ना कधी आवाजाचा विकार झालेले शिक्षक ५७.७ टक्के होते. शिक्षक नसलेल्यांत तेच प्रमाण २८.८ टक्के, म्हणजे निम्मं. माझ्या टेबलावर गरम पाण्याची बाटली का असते, याचं उत्तर त्यात आहे. मंगळवारचे ते बाबा दारात खाली बसून मुलांशी हळू बोलायला लागल्यावर दारातला आवाज उतरला, आणि मंगळवारी संध्याकाळी मला घरच्यांशी नीट बोलता यायला लागलं. हा फरक माझ्या मुलाने आधी ओळखला.

आता थोडं पालकांबद्दल, कारण मीही पालक आहे. ज्या सकाळी मी दुसऱ्यांच्या मुलांना हसून या म्हणते, त्याच सकाळी माझ्या मुलाला मी दुसऱ्या एका शाळेच्या फाटकात अर्ध्या मिनिटात सोडून आलेली असते. एक मोजा सापडत नाही, सही करायचा कागद दप्तराच्या तळाशी चुरगळलेला निघतो, आणि नेमकं तेव्हाच त्याला काहीतरी सांगायचं असतं. म्हणून दारात उशिरा पोचलेल्या आईकडे मी घड्याळ बघून कधी पाहत नाही. तिची सकाळ माझ्यापेक्षा लवकर सुरू झालेली असू शकते.

मदतीला कोण येऊ शकतं, हाही प्रश्न आहे. ज्यांच्या कामाच्या वेळा सैल आहेत, घरात तान्हं बाळ किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस नाही, तेच येऊ शकतात. न येणाऱ्यांना मुलांची पर्वा नाही असं कुणी म्हणालं की मला राग येतो. वर्गाच्या भिंतीवर मदतनीस पालकांची नावं लावायची टूम एका वर्षी निघाली होती, मी ती माझ्या वर्गात लावू दिली नाहीत. यादीत आपल्या आईचं नाव शोधणारी मुलं मला बघवली नसती. ज्यांना येता येत नाही त्यांच्यासाठी मी घरी करता येणारी कामं ठेवते: फाटलेली पुस्तकं चिकटवणं, शब्दांच्या पट्ट्या कापणं. ती पाकिटातून जातात आणि पाकिटातून परत येतात, आणि त्यांत कधीकधी इतकं नेटकं काम असतं की पाकीट उघडताना मला गलबलून येतं.

पालकांनी शाळेत यावं, हा विचार तसा जुना. १७ फेब्रुवारी १८९७ रोजी वॉशिंग्टनमध्ये अ‍ॅलिस बर्नी आणि फीबी हर्स्ट या दोघींनी मातांची एक परिषद भरवली, तिला दोन हजारांहून जास्त लोक लोटले. अमेरिकेतली पालक-शिक्षक संघटना त्यातूनच उभी राहिली. तेव्हा मुलांच्या आरोग्याचे आणि शिक्षणाचे मोठे प्रश्न त्यांच्यापुढे होते. आज माझ्यापुढे नाडीची गाठ आहे, पण मला दोन्हींत फार अंतर दिसत नाही.

मदतीला येणाऱ्यांना मी पहिल्या दिवशी बाजूला घेऊन एकच गोष्ट पक्की बजावते. वर्गात जे दिसेल ते वर्गातच राहिलं पाहिजे. कुणाची चड्डी ओली झाली, कुणाला अजून अक्षर लागत नाही, कुणी आईच्या नावाने रडलं, हे फाटकाबाहेर गेलं की त्या मुलाची शाळा बदलून जाते. बाकीच्या चुका होतात आणि निस्तरता येतात, ही येत नाही.

शिवाय आपलंच मूल त्या दिवशी वेगळं वागतं, याची कल्पना त्यांना आधी द्यावी लागते. घरी जोडे स्वतः घालणारी मुलगी बाबा वर्गात असले की पाय पुढे करून बसते. एरवी सगळ्यांत मिसळणारा मुलगा आईच्या पदराआड जातो, तिने दुसऱ्या मुलाची नाडी बांधली तर रुसतो. मदतनीसांना लाज वाटते, ते लेकराला दटावतात. मी म्हणते, दटावू नका. त्याच्यासाठी ही दोन जगं आज पहिल्यांदा एका खोलीत आली आहेत. त्या मंगळवारच्या बाबांची मुलगी पहिला महिनाभर त्यांच्या खुर्चीला पाठ टेकून बसायची. नंतर एके दिवशी ती उठली आणि दारात आलेल्या रडक्या मुलाला म्हणाली, ‘माझ्या बाबांना सांग, ते चेन काढून देतात.’

रडणाऱ्या मुलांचं म्हणाल तर माझा अनुभव एवढाच सांगतो की निरोप छोटा आणि खरा असावा. पोर गुंतलेलं बघून मागच्या मागे सटकायचं नाही. वळून पाहिल्यावर आई दिसली नाही तर दुसऱ्या दिवशी ते दारातच दुप्पट घट्ट धरतं. ‘मी जाते, सुट्टी झाली की येते’ म्हणायचं आणि जायचं. बाहेर गेल्यावर आईला रडण्याचा आवाज ऐकू येतो, पण बहुतेकदा थोड्याच वेळात तो थांबतो. तो थांबलेला मात्र तिला ऐकू येत नाही, आणि दिवसभर ती तोच आवाज कानांत घेऊन काम करते. म्हणून मंगळवारचे बाबा एक काम आपणहून करायला लागले. मूल शांत झालं की फाटकापर्यंत जायचे आणि तिथे घुटमळणाऱ्या आईला सांगून यायचे, ‘रंगवायला बसलाय.’ असं काही मला सुचलं नव्हतं.

एक गाऱ्हाणं मांडते आणि पुढे जाते. दार उघडायच्या आधीचा तो पाऊण तास कुठल्याच वेळापत्रकात धरलेला नसतो. युनेस्को आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी ५ ऑक्टोबर १९६६ रोजी शिक्षकांच्या दर्जाबाबत एक शिफारसपत्र मंजूर केलं. जागतिक शिक्षक दिन १९९४ पासून त्याच तारखेला असतो तो त्यामुळेच. त्यात स्पष्ट म्हटलं आहे की शिक्षकाचे कामाचे तास ठरवताना मुलांची संख्या, पाठाच्या तयारीला लागणारा वेळ आणि पालकांशी मुलांच्या प्रगतीबद्दल बोलायला लागणारा वेळ हेही धरावं. त्या ‘एक मिनिट’ला कुठेतरी हक्काची जागा असावी, हे तेव्हाच लिहून ठेवलेलं आहे. पालकांचं मिनिट मला नकोय असं नाही, ते दुपारी खुर्ची देऊन, पाणी देऊन ऐकायचंय. सकाळी माझ्याकडे ते नसतं, कारण ते मुलांचं असतं.

मुलांना दारात नावाने हाक मारून आत घेण्याचा काही उपयोग होतो का, हे २०१८ साली अमेरिकेत दहा वर्गांमध्ये तपासलं गेलं. शिक्षकाने दारात थांबून प्रत्येकाला नावाने या म्हणायचं, कुणाचं काल काही बिनसलं असेल तर दोन शब्द बोलायचे. त्या वर्गांत अभ्यासात लक्ष असण्याचा वेळ दर शंभर मिनिटांमागे २० मिनिटांनी वाढला. वर्ग थोडे होते आणि मुलं माझ्या मुलांपेक्षा मोठी, म्हणून आकड्याला मी धरून बसत नाही. पण नावाने या म्हटल्यावर सहा वर्षांच्या मुलाचे खांदे कसे खाली येतात, ते मी रोज बघते.

मेरी बड रो या बाईंचं संशोधन मी शिकवण्याच्या पद्धती म्हणून वाचलं होतं, पण ते मला कामी आलं दारात. १९७० च्या दशकात त्यांनी दाखवलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एकच सेकंद थांबतात. तेच तीन सेकंद किंवा जास्त थांबले तर मुलांची उत्तरं लांब होतात, एरवी गप्प बसणारीही बोलतात. तीन सेकंद म्हणजे फार नाही. पण तीन सेकंद कुणाच्या तोंडाकडे काही न बोलता बघत राहायला हात मोकळे लागतात, आणि मागे कुणीतरी निरोपाची वही सांभाळत असावं लागतं.

ते बाबा आता येत नाहीत, त्यांची मुलगी वरच्या वर्गात गेली. दात पडलेल्या मुलीलाही नवे दात आलेत, पुढचे दोन मोठाले, ती आता भराभर बोलते. मंगळवारच्या खुर्चीवर यंदा एक आजी बसतात, नातू वर्गात आहे त्यांचा. गुडघ्यांमुळे त्यांना बुटकी खुर्ची जमत नाही, म्हणून मुलं बाकावर चढून त्यांच्यापुढे पाय करतात.

गेल्या मंगळवारी दारात नेहमीसारखी गर्दी होती. आजी एका पोराची चेन पेन्सिलीने घासत होत्या, बाहेर कुणीतरी वहीत लिहीत होतं. फारसं न बोलणारा एक मुलगा दप्तर अडकवून माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मी खाली बसलेलीच होते. दोन्ही हात मोकळे होते त्याचे, मी आधी तेच पाहिलं. चेहऱ्यावर ताप नव्हता, गालांवर रडल्याच्या खुणा नव्हत्या. मी काही विचारलं नाही. एक, दोन, तीन मनात मोजले, आणखीही मोजले असतील.

‘बाई,’ तो म्हणाला, ‘मी आलो.’

‘आलास,’ मी म्हटलं.

मान हलवून तो आपल्या जागेवर जाऊन बसला.